सफारीला निघण्यापूर्वी सफर समजून घ्या

केनिया-टांझानियाच्या सहलीला निघालेल्या माणसाला सल्ले भरपूर मिळतात. दुर्बीण घ्या, गडद निळे-काळे कपडे नकोत, त्सेत्से माशी त्या रंगांवर येते, पहाटेच्या उघड्या गाडीत थंडी वाजते म्हणून स्वेटर हवाच. सगळे सल्ले बरोबर आहेत. पण ज्या शब्दासाठी आपण एवढे पैसे मोजतो तो शब्द मुळात आपल्या घरातला आहे, हे कुणी सांगत नाही. अरबीतला ‘सफर’ स्वाहिलीत गेला आणि ‘सफारी’ झाला. त्याचा सिंहाशी काही संबंध नाही. मोंबासाहून नैरोबीला लेकीकडे निघालेली म्हातारीही सफारीलाच निघालेली असते.

या किनाऱ्यावरचा एक जुना नामवंत पाहुणा म्हणजे इब्न बतूता. 1331 च्या सुमारास तो मोगादिशू, मोंबासा आणि किल्वा इथे आला. मोगादिशूची एक रीत त्याने नोंदवली आहे. जहाज बंदराला लागलं की गावातले तरुण लहान होड्यांतून, झाकलेल्या ताटात जेवण घेऊन यायचे. ज्या व्यापाऱ्यापुढे ताट ठेवलं तो त्या तरुणाचा पाहुणा. व्यापाऱ्याने त्याच्याच घरी उतरायचं, माल त्याच्याच मार्फत विकायचा. यजमानाला डावलून केलेला सौदा खोटा मानला जायचा. मोंबासात तो एकच रात्र राहिला. तिथल्या मशिदी लाकडी होत्या, लोक अनवाणी चालत आणि मशिदीच्या दाराशी पाय धुऊनच आत जात, असं त्याने लिहून ठेवलं. त्यात वाघ-सिंहांच्या गोष्टी नाहीत, माणसं आहेत.

मग आफ्रिकेचा प्रवास म्हणजे फक्त जनावरं, हे चित्र आलं कुठून? ते एकोणिसाव्या शतकात तयार झालं, आणि तिथे आपला महाराष्ट्रही येतो.

त्या काळी बागामोयोहून आत जायचं म्हणजे काफिला लागे. पुढे वाटाड्या, त्याच्यामागे डोक्या-खांद्यावर तीस-पस्तीस किलोचं ओझं घेतलेले शेकडो हमाल. नाण्यांचा उपयोग नव्हता. ‘मेरिकानी’ नावाचं अमेरिकन मांजरपाट, काचेचे मणी आणि पितळी तार हाच पैसा. प्रत्येक सरदाराच्या हद्दीत ‘होंगो’ म्हणजे जकात द्यावी लागे. बर्टन आणि स्पेक 1857 मध्ये असेच निघाले. त्यांच्यासोबत सिदी मुबारक नावाचा एक याओ माणूस होता. लहानपणी त्याला पकडून गुलाम म्हणून विकलं गेलं, तो हिंदुस्थानात आला, मालकाच्या मृत्यूनंतर मोकळा झाला आणि आफ्रिकेला परतला. त्याचं नावच पडलं ‘बॉम्बे’. स्पेक त्याच्याशी मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत बोलायचा! आफ्रिकेच्या ऐन मध्यावर ‘शोध’ लावणारे गोरे साहेब आपल्या बाजारातल्या भाषेत रस्ता विचारत होते. पुढे हाच बॉम्बे स्टॅन्लीसोबत गेला आणि कॅमेरूनसोबत त्याने खंड आरपार ओलांडला.

दुसरा धागा नाशिकचा. ब्रिटिश नौदलाने गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशन शाळेत वाढत होती. लिव्हिंगस्टनने 1866 च्या मोहिमेत तिथली काही मुलं नेली. तिथलाच जेकब वेनराइट 1872 मध्ये स्टॅन्लीने पाठवलेल्या तुकडीतून त्याच्याकडे पोहोचला. 1 मे 1873 ला लिव्हिंगस्टन वारला तेव्हा चुमा, अब्दुल्ला सुसी, वेनराइट आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याचा मृतदेह वाळवून, कापडात गुंडाळून, हजार मैलांहून अधिक चालत बागामोयोला आणला. वाटेत नऊ महिने गेले. चुमा आणि सुसी दोघेही काही काळ मुंबईत राहिलेले होते. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये लिव्हिंगस्टनच्या थडग्यावरच्या दगडात ‘विश्वासू हातांचा’ उल्लेख आहे. त्या हातांची नावं नाहीत.

इथे आपल्याला एक गोष्ट टाळता येणार नाही. याच वाटांवरून हस्तिदंत आणि गुलाम येत होते, आणि त्या व्यापारात अरब व स्वाहिली मुसलमान पुढे होते. टिप्पू टिप हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव. झांझिबारच्या व्यापाराला भांडवल पुरवणाऱ्यांत कच्छ-गुजरातचे हिंदू आणि मुसलमान सावकार दोघेही होते. गुलामांना मोकळं करणं हे पुण्य मानणाऱ्या समाजात हे चाललं. युरोपीयांनी हा इतिहास स्वतःच्या साम्राज्याच्या सोयीने रंगवला हे खरं, पण म्हणून तो खोटा ठरत नाही. झांझिबारचा गुलामांचा बाजार 1873 मध्ये बंद झाला. तो बंद करायला सुलतानाकडे आलेले बार्टल फ्रिअर म्हणजे मुंबईचे माजी गव्हर्नर. जागेवर आज चर्च आहे. बीचवर जायच्या आधी तिथे अर्धा दिवस काढा.

शिकारीची सफारी नंतरची. मोंबासापासूनची रेल्वे हिंदुस्थानी मजुरांनी 1901 पर्यंत व्हिक्टोरिया सरोवराला भिडवली आणि 1909 मध्ये रूझवेल्ट बंदुका घेऊन तिथे उतरला. केनियाने 1977 मध्ये शिकारीवर बंदी घातली. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला, शब्द तोच राहिला.

आता कामाचं. मार्च ते मे मोठा पाऊस असतो. मसाई मारात जनावरांचे कळप पाहायचे तर जुलै ते ऑक्टोबर. पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी घ्या आणि दाखला जपून ठेवा, नाहीतर परतताना भारतातल्या विमानतळावर अडकवतात. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. प्लास्टिकच्या पिशव्या केनियात 2017 पासून आणि टांझानियात 2019 पासून चालत नाहीत, चिवडा कापडी पिशवीतून न्या. किनाऱ्यावर हलाल जेवणाची चिंता नको. लामू, मोंबासाचं जुनं शहर आणि स्टोन टाउन इथे अंगभर कपडे घाला. भाषेलाही घाबरू नका: दुका, गारी, चाय, चपाती, किताबू, दुनिया हे शब्द ओळखीचे निघतील.

आणि गाडी चालवणारा माणूस नुसता ड्रायव्हर नसतो. चित्ता कुठल्या झुडपामागे आहे हे त्यालाच कळतं. पहिल्याच सकाळी त्याचं नाव विचारा, पाठ करा, आणि घरी येऊन फोटो दाखवताना तेही सांगा.