शांत झालेले मूल : समानुभूतीच्या इतिहासातील एक प्रकरण

समानुभूती म्हणजे समोरच्याला काय वाटत असेल हे त्याच्या जागी जाऊन ओळखणे. सहानुभूतीत कणव पुरते. समानुभूतीत मन नीट वाचावे लागते. एडवर्ड टिचनर यांनी १९०९ मध्ये एका जर्मन संज्ञेसाठी एम्पथी हा इंग्रजी शब्द वापरला. चांगल्या हेतूची माणसेही हे वाचन कसे चुकतात, हे ब्रिटनमधील रुग्णालयांच्या इतिहासातून पाहू.

भेटीचे नियम

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक ब्रिटिश रुग्णालयांत दाखल मुलाला आईवडील आठवड्यातून एकदोनदाच भेटू शकत. काही ठिकाणी भेट पूर्ण बंद असे. संसर्गाची भीती हे एक कारण होते. दुसरे कारण असे की, आई भेटून गेली की मूल रडून गोंधळ घाली. भेट नसली की काही दिवसांत गप्प होई. मूल रुळले, असा त्याचा अर्थ लावला जाई. मुलांना फार कुरवाळू नये, हा अमेरिकी वर्तनवादी जॉन वॉटसन यांचा १९२८ मधील सल्लाही याच वृत्तीचा होता.

रॉबर्टसन यांचा चित्रपट

जेम्स रॉबर्टसन यांनी युद्धकाळात ॲना फ्रॉइड यांच्या बालसदनात काम केले होते. १९४८ पासून ते लंडनमध्ये जॉन बोल्बी यांच्यासोबत रुग्णालयातील मुलांचे निरीक्षण करू लागले. आईपासून दुरावलेल्या मुलांत त्यांना तीन अवस्था दिसल्या : आक्रोश, निराशा आणि अलिप्तता. ज्याला सगळे ‘रुळलेले’ म्हणत, ते मूल बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या अवस्थेत असे.

हे डॉक्टरांना पटेना. म्हणून १९५२ मध्ये रॉबर्टसन यांनी चित्रपट केला. मूल प्रतीक्षायादीतून यदृच्छेने निवडले. रोज ठरलेल्या वेळी चित्रण केले आणि चौकटीत घड्याळ ठेवले, म्हणजे निवडक रडणे दाखवल्याचा आक्षेप उरू नये. अडीच वर्षांची लॉरा लहानशा शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहिली. ती फारशी रडत नाही. रडू आवरते आणि मध्येच आईला शोधते. घरी निघताना मात्र ती आईचा हात धरत नाही.

लंडनच्या वैद्यकीय सभेत चित्रपटावर तीव्र टीका झाली. बालरोगतज्ज्ञ डर्मॉड मॅकार्थी हेही आधी चिडले. पण आपल्या वॉर्डातील मुलांकडे नव्याने पाहिल्यावर त्यांनी आयांना मुलांजवळ राहू दिले. १९५९ मध्ये सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने भेटीवरील निर्बंध काढण्याची शिफारस केली. ती सर्वत्र अमलात यायला पुढे बरीच वर्षे लागली.

निष्कर्ष

एका मुलीवरून सर्व मुलांविषयी नियम सिद्ध होत नाही. पण परिचारिका निष्ठुर नव्हत्या, हे लक्षात घ्या. चूक मोजमापात होती : शांतता हेच समाधान मानले गेले. यंत्राचा आवाज थांबला म्हणजे ते दुरुस्त झाले असे नव्हे. ते बंदही पडलेले असू शकते. वसतिगृहात पहिले काही दिवस घरची आठवण काढणारा आणि कोणी दाद न दिल्यावर गप्प झालेला मुलगा रुळला आहे की त्याने सांगणे सोडले आहे, हे त्याच्याशी बोलल्याशिवाय कळत नाही.

विचारासाठी प्रश्न

१. चित्रपटातील घड्याळामुळे निरीक्षणाची विश्वासार्हता कशी वाढली?
२. तुमच्या संस्थेतील कोणता नियम केवळ ‘तक्रार नाही’ म्हणून योग्य मानला जातो?