प्राचार्यांचे दार: खाशाबा जाधव आणि राजाराम महाविद्यालय

मीरा-भाईंदरच्या महाविद्यालयांतही आता खेळाला अभ्यासक्रमात स्थान मिळू लागले आहे. खेळाने चारित्र्य घडते, हे त्यामागचे गृहीतक. ते नेमके कसे घडते, हे पाहण्यासाठी आजचा धागा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाकडे वळतो.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव (जन्म १९२६) तेथे शिकत होते. कुस्ती त्यांना महाविद्यालयाने शिकवली नव्हती. ती घरातून आणि तालमीच्या तांबड्या मातीतून आली होती. वार्षिक क्रीडास्पर्धेसाठी नाव द्यायला गेले, तेव्हा लहानखुरी चण पाहून त्यांना नकार मिळाला, असे सांगतात. खाशाबा थेट प्राचार्य बॅ. बाळासाहेब खर्डेकर यांच्याकडे गेले. परवानगी मिळाली, आणि त्यांनी आपल्याहून थोराड गडी चीत केले.

नकार मिळाल्यावर वरचे दार ठोठवावे, तेही अदबीने, हा धडा त्यांनी पुढे विसरला नाही.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने ते लंडन ऑलिंपिकला गेले. मातीत पाठ टेकली की निकाल लागतो; मॅटवर गुण मोजले जातात. या परक्या पद्धतीत त्यांनी फ्लायवेट गटात सहावा क्रमांक मिळवला.

१९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकपूर्वी मद्रासच्या निवड स्पर्धेत ते एका गुणाने हरले. निकाल अन्यायाचा वाटला म्हणून त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. फेरलढत झाली, आणि या वेळी गुण मोजण्याची वेळच आली नाही: प्रतिस्पर्धी चीत.

राहिला पैशाचा प्रश्न. गावाने वर्गणी काढली, तीही पुरेना. तेव्हा खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. विद्यार्थ्यासाठी प्राचार्याने घर पणाला लावावे, हे आज दंतकथेसारखे वाटते.

हेलसिंकीत जपानच्या इशीशी त्यांची दीर्घ लढत झाली. त्यानंतर नियमाप्रमाणे विश्रांती मिळायला हवी होती. पण लगेच सोव्हिएत मल्ल ममदबेकोवसमोर उभे राहावे लागले. आक्षेप घ्यायला तेथे एकही भारतीय अधिकारी नव्हता, असे सांगितले जाते. ठोठवायला दारच नव्हते. खाशाबा हरले, आणि बँटमवेट गटाचे कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

कराडला १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पदकाइतकेच मला त्यानंतरचे काम मोठे वाटते. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरवले, तिकिटांचे पैसे जमवले, आणि खर्डेकरांचे घर सोडवून दिले.