एका गिरणी-कामगाराचें शतक



आमच्या लकडगंजांत सागाचा ओंडका आडवा कापला म्हणजे वलयांवरून झाडाचें वय सांगतां येतें. राजांच्या बखरी झाल्या, पुढाऱ्यांचीं चरित्रें झालीं. पण जन्मभर सूत काढणाऱ्या कामगाराच्या आयुष्याचीं वलयें कोठें पाहावीं? कारखान्यांच्या कायद्यांची सनावळी समोर ठेवली, तर तीं पुष्कळशीं दिसतात.

जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपुरांत १ जानेवारी १८७७ रोजीं सुरू झाली. त्याच दिवशीं व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित झाली. गिरणीचें नांव त्यावरूनच पडलें.

आतां १९०१ सालीं जन्मलेला एक कामगार कल्पनेनें डोळ्यांपुढें आणा. १८९१ च्या कायद्याप्रमाणें नऊ वर्षांच्या मुलास कारखान्यांत घेतां येई व दिवसाला सात तास राबवितां येई. तेव्हां १९१० सालीं, पाटी-पेन्सिलीच्या वयांत, हा मुलगा गिरणींत शिरूं शकला. चौदा वर्षें पुरीं होतांच तो प्रौढांत गणला गेला. आणि १९११ च्या कायद्यानें कापडगिरणींतील प्रौढ पुरुषाचा दिवस बारा तासांचा होता! तो एकवीस वर्षांचा झाला, तेव्हां १९२२ च्या कायद्यानें आठवडा साठ तासांचा झाला. तेहतिसाव्या वर्षीं चौपन्न. आणि १९४६ च्या दुरुस्तीनें अठ्ठेचाळीस. डोक्यावरचे केस पिकूं लागले, तेव्हां कोठें सरासरी आठ तासांचा दिवस हातीं आला.

टाटांनीं १८८६ सालींच निवृत्तिवेतनाचा निधि काढला व १८९५ पासून अपघाताची भरपाई देण्यास आरंभ केला, हें त्यांस भूषणावह होय. परंतु धन्याचें औदार्य निराळें आणि कामगाराचा हक्क निराळा. भरपाईचा कायदा १९२३ सालीं आला, भविष्यनिर्वाह निधीचा १९५२ सालीं. मधल्या काळांत कामगारांनीं संघटना बांधल्या, नागपुरांत रा. स. रुईकर हे त्यांचे पुढारी होते.

या कष्टांतून घरें कशीं उभीं राहिलीं? कौसल्या बैसंत्री यांचे आईवडील दोघेही एम्प्रेस मिलमध्यें काम करीत. दारिद्र्य आणि अस्पृश्यता दोन्ही सोसून त्यांनीं मुलींना शिकविलें. ती हकीकत कन्येच्या ‘दोहरा अभिशाप’ या १९९९ सालच्या हिंदी आत्मचरित्रांत आहे.

आपला कामगार दीर्घायुषी ठरला असता, तर पंच्याऐंशीव्या वर्षीं, १९८६ सालीं, गिरणी टाटांच्या हातून शासकीय महामंडळाकडे गेलेली त्यानें पाहिली असती. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं ती बंद पडली. त्या जागीं आतां भव्य बाजार उभा आहे. कायद्यानें कामगाराचे तास मोजले, म्हातारपणची पुंजी राखली. गिरणी टिकेल याची हमी मात्र कोणत्याच कायद्यानें दिली नाहीं.

सायंकाळीं कामावरून वेळेवर घरीं परतणें आपणांस स्वाभाविक वाटतें. त्या मोकळ्या सायंकाळीं अशा अनामिक माणसांनीं आपलें अर्धें आयुष्य खर्चून मिळविलेल्या आहेत. इतिहासांत त्यांचें नांव नसेल. ऋण मात्र आपल्या दररोजच्या घड्याळांत आहे.