कासेतील झुंज

गाईची कास सुजून दगडासारखी टणक झाली, की आपला शेतकरी म्हणतो, 'दगडी झाली'. शास्त्रकार याच रोगास कासदाह म्हणतात. 1887 साली फ्रान्समध्ये नोकार व मोलरो यांनी त्याचा एक जंतू ओळखला. पुढे पेनिसिलीन अवतरले. 1954 साली त्याच्या उत्पादनासाठी पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. आता जंतूंची सद्दी संपली, असे अनेकांस वाटले.

परंतु अब्राहम व चेन यांना 1940 सालीच, औषध बाजारात येण्यापूर्वी, पेनिसिलीनचा नाश करणारे द्रव्य जंतूंत आढळले होते. मग ही विद्या त्यांना शिकविली कोणी? 1952 साली लेडरबर्ग दांपत्याने मखमलीच्या ठशाने जंतूंच्या वसाहतींच्या प्रतिकृती उतरविल्या. स्ट्रेप्टोमायसीनचा स्पर्शही न झालेल्या मूळ ताटलीत त्यास न जुमानणारे जंतू आधीपासूनच होते! उत्परिवर्तन आपोआप घडते. औषध केवळ निवड करते. दुबळे मरतात, चिवटांचा वंश वाढतो. आणि काही जंतू हा गुण शेजाऱ्यासही देतात.

म्हणून नुसता औषधांचा मारा वाढवून ही झुंज जिंकता येणार नाही. धुतलेले हात, स्वच्छ सड आणि आजारी गाय सर्वांच्या शेवटी पिळण्याची शिस्त, यांच्यापुढे मात्र चिवट जंतूचेही फारसे चालत नाही.