बरे होणे म्हणजे काय? रमेदीपासून लूर्दपर्यंत



वसई किल्ल्याच्या बाहेर पडले की जवळच रमेदी आहे. हे नाव पोर्तुगीज भाषेतून आले. ‘रेमेदिओस’ म्हणजे उपाय, औषधे. तिथल्या मरियामातेला ‘उपायांची माता’ म्हणत, आणि त्यावरून त्या जागेलाही रमेदी नाव पडले. पिढ्यान्‌पिढ्या माणसे आपले दुखणे घेऊन तिच्याकडे येतात, नवस बोलतात. काही बरी होतात, काही होत नाहीत. जी बरी झाली नाहीत, त्यांच्या श्रद्धेचे काय? आज त्यांच्याविषयी बोलू.

१६९५ साली जेमेल्ली करेरी हा इटालियन प्रवासी वसईत आला होता. रोगाच्या साथींमुळे शहराचा उत्तरेकडचा तिसरा हिस्सा ओस पडल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. तेव्हा ना सलाईन होते, ना आजची औषधे. त्या काळी वसईत ‘मिझेरिकोर्दिया’ नावाची संस्था होती. मिझेरिकोर्दिया म्हणजे दया. पोर्तुगालच्या राणी लिओनोर यांनी १४९८ मध्ये लिस्बनला ती सुरू केली आणि तिच्या शाखा इकडेही आल्या. आजाऱ्याची सेवा करणे, भुकेल्याला जेवू घालणे, बेवारस मृताला माती देणे ही तिची कामे. पोर्तुगीज राजवटीने इथल्या लोकांवर जुलूम केले, हेही विसरायचे नाही. पण आजाऱ्याजवळ जाणे हाच धर्म, ही शिकवण मात्र लोकांनी जपली.

आपल्याकडे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला एक प्रश्न छळतो: “मी असे काय पाप केले?” शेजारीपाजारीही तसेच कुजबुजतात. येशूच्या शिष्यांनीही एका जन्मांध माणसाकडे बघून हेच विचारले होते, की पाप याचे की याच्या आईबापाचे? दोघांचेही नाही, असे येशूने स्पष्ट सांगितले. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात ही गोष्ट आहे. म्हणजे आजार ही शिक्षा नाही. जिच्या घरात कुणी वर्षानुवर्षे आजारी आहे, तिने हे मनाशी पक्के धरावे.

आता तेलाची गोष्ट ऐका. आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करावी, असे याकोबाच्या पत्रात सांगितले आहे. पुढे मध्ययुगात हा संस्कार मरणाच्या दारातल्या माणसापुरता उरला. त्यामुळे फादर तेल घेऊन घरी आले की लोक समजत, आता संपले. या भीतीने घरचे फादरना बोलवायलाच उशीर करत, आणि ज्याला धीर हवा असे तो एकटा पडे. १९६२ ते १९६५ मध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, आणि १९७२ मध्ये या संस्काराचा नवा विधी आला. आता गंभीर आजारात, मोठ्या ऑपरेशनआधी, थकलेल्या म्हाताऱ्या माणसालाही तो देतात आणि पुन्हाही देता येतो. मरणाची तयारी म्हणून ओळखला जाणारा हा संस्कार आता आजारपणातली सोबत झाला आहे.

फ्रान्समधल्या लूर्दची बर्नादेत तुम्हाला माहीत असेल. १८५८ मध्ये तिला मरियामातेचे दर्शन झाले, असे ख्रिस्ती लोक मानतात. तिथल्या झऱ्यावर लाखो आजारी जातात. पण चर्चने आजवर चमत्कार म्हणून मान्य केलेल्या घटना ७० च्या आसपासच आहेत, त्याही डॉक्टरांकडून कसून तपासून घेतलेल्या. खुद्द बर्नादेत दम्याने आणि क्षयाने आजारी होती. मठात तिने आजाऱ्यांची शुश्रूषा केली आणि १८७९ मध्ये ३५ व्या वर्षी ती वारली. तिला स्वतःला आराम पडला नाही. म्हणून तिची श्रद्धा खोटी ठरत नाही.

आपल्या देशातही असे उदाहरण आहे. वसईचे गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानमधल्या नागासाकीला धर्मासाठी हुतात्मा झाले आणि १८६२ मध्ये संत ठरले. केरळच्या सिस्टर अल्फोन्सांनी असा कोणताही पराक्रम केला नाही. मठात त्यांची बरीच वर्षे आजारपणात गेली आणि १९४६ मध्ये त्याही ३५ व्या वर्षीच वारल्या. २००८ मध्ये त्या भारताच्या पहिल्या महिला संत ठरल्या. वेदना सहन करतानाही प्रेम आटू न देणे, एवढेच त्यांचे काम. चर्चने ते रक्त सांडण्याइतकेच मोठे मानले.

११ फेब्रुवारी, म्हणजे लूर्दच्या मातेचा सण, हा १९९३ पासून जागतिक रुग्णदिन म्हणून पाळतात. पोप जॉन पॉल दुसरे यांनी तो सुरू केला. पुढे म्हातारपणी ते स्वतः कंपवाताने थरथरत लोकांसमोर येत राहिले.

मैत्रिणींनो, श्रद्धा म्हणजे औषध बंद करणे नव्हे. कार्डिनल ग्रेशियस यांच्या नावाचे हॉस्पिटल आपल्या सांडोरलाच आहे. गोळी वेळेवर घ्यायची आणि प्रार्थनाही करायची. दुखणे चांगले असते असे कुणी म्हणू नये. ते कमी करायलाच हवे. पण जे कमी होत नाही, त्यातही माणूस निरुपयोगी ठरत नाही. खाटेवरची आजी सुनेसाठी, नातवासाठी, शेजारणीसाठी प्रार्थना करते, तेव्हा ती घराला काही देत असते.

आणि जी रात्रंदिवस उठबस करते, तिला विसरू नका. मिझेरिकोर्दियाचे काम आज आपला गटही करू शकतो. आठवड्यातून दोन तास आजाऱ्याजवळ एकीने बसावे, म्हणजे घरच्या बाईला झोप मिळेल. रमेदीच्या नावातला उपाय आपल्या हातून व्हावा.