मृतांसाठी तेलाची कुपी

सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्स नगरीत माणूस मरण पावले म्हणजे घरच्या स्त्रिया त्याच्या देहाला तेल लावीत, आणि पुढेही तेल घेऊन थडग्यापाशी जात. हे तेल ज्या मातीच्या कुपीत असे तिचे ग्रीक नाव ‘लेकिथोस’. उंच अंग, निमुळता गळा, एकच कान आणि तेल जपून ओतता यावे असे अरुंद मुख, ही तिची ठेवण.

एरवीच्या कुप्यांवर मुख्यतः तांबडा आणि काळा असे दोनच रंग दिसतात. त्यांतील काळा हा वस्तुतः रंग नव्हे. तो गाळून घेतलेल्या बारीक मातीचा लेप होय. भट्टीतील हवा आधी मोकळी, मग कोंडलेली व पुन्हा मोकळी केली म्हणजे लेप काळा राही आणि उरलेले अंग तांबडे होई. हे काम पक्के असे. परंतु इ. स. पूर्व पाचव्या शतकात मृतांसाठी पांढऱ्या अंगाची निराळीच कुपी घडू लागली. थडग्याला फिती वाहणारी स्त्री, परलोकीचा नावाडी खेरोन, वीराचे शव उचलणारे निद्रा व मृत्यू हे बंधू, अशी चित्रे तिच्यावर येत. त्यांतील नाजूक रंग भाजणीनंतर भरीत. ते हाताळणीत टिकत नसत. काही कुप्यांत तर गळ्याखाली एक लहानशी वाटी दडवलेली आढळते. थोड्याशा तेलात कुपी काठोकाठ भरलेली भासे!

महाराष्ट्रात प्रवरेच्या काठी याहूनही जुनी गोष्ट मातीत जपलेली होती. जोर्वे येथे १९५०-५१ साली आणि नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात डॉ. सांकळिया यांनी उत्खनने केली. तेथील तीन हजार वर्षांपूर्वीची तांबडी भांडी खणखणीत भाजलेली असून त्यांवर काळ्या रेषांची नक्षी आहे. मूल दगावले म्हणजे दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत त्याला घराच्या जमिनीखालीच पुरीत, आणि शेजारी तोटीचे भांडे व वाडगा ठेवीत. तशीच भांडी नांदत्या घरांतही सापडतात.

अथेन्सच्या कुंभाराने मृतांसाठी वेगळे, देखणे पात्र घडविले. प्रवराकाठच्या आईने लेकराजवळ घरात नित्य वापरात असलेल्या घडणीचेच भांडे ठेविले. त्या घरात चूल पेटत राही, आणि त्याच जमिनीखाली ते मूल असे.