नीटचे मार्क आणि घरातले कागद : एमबीबीएस प्रवेशासाठी पालकांनी काय करावे?

नीटचा निकाल लागला की घराघरांत एकच प्रश्न असतो, किती मार्क पडले? ७२० पैकी मिळालेले मार्क महत्त्वाचे आहेतच. पण चांगले मार्क असूनही काही मुलांची जागा जाते, कारण कागद वेळेवर हातात नसतो. अभ्यास मुलांनी करायचा, कागदांचं काम मात्र आई-वडिलांचं. ते अकरावीतच सुरू करायला हवं.

दोन वेगळ्या नोंदण्या

सरकारी कॉलेजांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून एमसीसी भरते. उरलेल्या ८५ टक्के जागा राज्याचा सीईटी सेल भरतो. नीट दिली म्हणजे नाव आपोआप जात नाही, दोन्हीकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते. राज्य कोट्यासाठी अधिवासाचा दाखला लागतो, शिवाय मोजके अपवाद सोडता दहावी आणि बारावी महाराष्ट्रातूनच झालेली असावी लागते. कोटा किंवा हैदराबादला मुलांचं ॲडमिशन करण्याआधी हे लक्षात ठेवा. बारावी परराज्यात झाली तर ८५ टक्के जागांचा रस्ता बंद होतो.

आरक्षण धर्मावर नाही, जातीवर

२०१४ मधील मुस्लिम आरक्षणाचा ५ टक्क्यांचा अध्यादेश कायद्यात बदललाच नाही, त्यामुळे तो आज लागू नाही. मात्र मोमीन, पिंजारी, तांबोळी, अत्तार अशा अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. छप्परबंद विमुक्त जातींमध्ये येतात.

खरी अडचण पुराव्याची आहे. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, तर विमुक्त जातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागतात. आपल्याकडे आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं ‘मुसलमान’ लिहिलेलं असतं. अशा वेळी थांबू नका. चुलत आजोबा, मोठे काका, आत्या यांच्या शाळांचे रजिस्टर, गावातील जन्म-मृत्यूची नोंद, जुनं खरेदीखत तपासा. एखाद्या ठिकाणी जातीचा उल्लेख सापडतो. वडील, सख्खे काका किंवा भावंडं यांच्यापैकी कोणाची व्हॅलिडिटी झालेली असेल तर ती जरूर जोडा.

जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो. त्यानंतर जिल्हा जात पडताळणी समितीकडे ज्युनिअर कॉलेजमार्फत अर्ज करायचा. याला महिने लागू शकतात. नुसत्या पावतीच्या भरवशावर राहू नका. व्हॅलिडिटी नसेल तर मूल खुल्या गटात मोजलं जाऊ शकतं. सोबत नॉन-क्रिमीलेअर चालू मुदतीचं हवं. अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र लागतं. आपली जात केंद्राच्या यादीत आहे का, तेही आधी बघून घ्या.

जे कोणत्याही आरक्षणात बसत नाहीत आणि ज्यांचं कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपेक्षा कमी आहे, ते ईडब्ल्यूएसच्या १० टक्के जागांसाठी पात्र ठरू शकतात. हा दाखला दरवर्षी नवीन काढावा लागतो.

नावाचं स्पेलिंग

शेख, मोहम्मद, सय्यद ही नावं इंग्रजीत चार प्रकारे लिहिली जातात. दहावीचं मार्कशीट, आधार आणि नीटचा फॉर्म यांत नाव सारखंच हवं. फरक असेल तर फॉर्म भरण्याआधी आधार दुरुस्त करा.

मुलींची फी

२०२४-२५ पासून राज्यात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातील, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश सरकारी कॅप फेरीतून झालेला असावा, मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. खर्च परवडणार नाही म्हणून मुलीला थांबवण्याआधी एवढी चौकशी नक्की करा.

एमबीबीएस हुकलं तरी नीटच्याच मार्कांवर बीडीएस किंवा युनानीच्या बीयूएमएसला जाता येतं.

आज एक फाईल घ्या आणि घरातील वडीलधाऱ्यांना विचारा, आजोबा कोणत्या गावच्या शाळेत होते? ही माहिती सांगणारी माणसं घरात आहेत तोवर विचारून घेतलेलं बरं.